परळची कुपी आणि कातळावरचे फुरसे

हाफकिन संस्थेचा इतिहास नेहमी प्लेगपासून सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. १९०६ मध्ये तिचे नाव मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा झाले आणि १९२५ मध्ये हाफकिन संस्था. या सव्वाशे वर्षांतल्या त्याच आवारातल्या आणखी एका कामाकडे या लेखात पाहायचे आहे, आणि तेही परळहून न पाहता वेंगुर्ल्याहून. ते काम म्हणजे सर्पदंशावरचे औषध. संस्थेचा इतिहास पाचशे किलोमीटर दक्षिणेला उभे राहून का लिहावा, याचे कारण त्या औषधाच्या स्वभावातच आहे. क्विनीन किंवा पेनिसिलिन कुठेही बनवले तरी कुठेही चालते. सापाच्या विषावरचे औषध ज्या सापाच्या विषापासून बनते त्याच विषाला ओळखते. म्हणजे त्याला गाव असते, जात असते, जवळजवळ कुळगोत्र असते. हाफकिनने सर्पदंशात जे कमावले ते या गोष्टीची कदर राखल्यामुळे, आणि जिथे हात तोकडा पडला तिथेही ही कदरच पातळ झाली होती, असे माझे म्हणणे आहे. ते तपासायला फुरशाचा मुलूख सोडून दुसरी चांगली जागा नाही.

आधी एका शब्दाचा घोळ. आपल्याकडे सरसकट ‘सर्पदंशाची लस’ म्हणतात. वर्तमानपत्रे म्हणतात, दवाखान्याच्या पाट्या म्हणतात, त्यामुळे तो शब्द आता काढता येणार नाही. पण लस शरीराला शिकवते आणि शिकायला काही दिवस लागतात. प्लेगच्या लसीचे काम तसे होते. सर्पदंशात शिकायला वेळ नसतो. म्हणून दुसऱ्याने शिकून ठेवलेले उसने घ्यावे लागते. घोड्याला विषाचे अगदी थोडे, मग हळूहळू वाढते डोस टोचतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. ते रक्त काढून, तांबड्या पेशी वेगळ्या करून, उरलेल्या द्रवातून ती प्रतिद्रव्ये शुद्ध करून घेतात. याच औषधाला सीरम किंवा प्रतिविष म्हणतात. घोड्याला जे शिकवले नाही ते कुपीतही नसते. पुढचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे.

वेंगुर्ल्याच्या सड्यावर हे शिकवणे कोणाविरुद्ध करायचे याबद्दल कोणालाही शंका नसते. फुरसे फूट-दीड फुटाचे, मातकट अंगाचे, पाठीवर फिकट ठिपके आणि दोन्ही बाजूंना नागमोडी रेघ, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण. जांभ्याच्या सैल दगडाखाली, गडग्याच्या फटीत, काजूच्या वाळलेल्या पाल्यात ते असे काही बसते की नजर त्याच्यावरून दोनदा जाऊनही थांबत नाही. डिवचले की पळायचे सोडून दुहेरी वेटोळे घालते आणि अंगाच्या कडेचे खरखरीत खवले एकमेकांवर घासते. करवत चालावी तसा आवाज येतो. गावात सापाचे नाव घेणे टाळतात, ‘जनावर’ म्हणतात, आणि चावला तर ‘पान लागले’ म्हणतात. या शब्दांत भीती आहे तसा रोजचा शेजारही आहे. काजूची बी वेचताना, गवत कापताना, गडगा रचताना पालापाचोळ्यात हात घालावाच लागतो, आणि दंशही बहुतेक हातापायांच्या बोटांनाच होतात.

हा शेजार सरकारदरबारी फार लवकर नोंदला गेला. वेंगुर्ले १८१२ मध्ये सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेले आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा निघेपर्यंत ते तसेच होते. एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. जी. डब्ल्यू. विडाल हा निसर्गाच्या नोंदी ठेवणारा सनदी अधिकारी. त्याने नोंदवल्याप्रमाणे सहा वर्षांच्या सरासरीने दरवर्षी सव्वादोन लाखांच्या वर फुरशी एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात मारली गेली. एका जिल्ह्यात, एका जातीचे साप! हा आकडा जपूनच वाचायला हवा. फुरसे अंडी घालत नाही, एका वेळी अनेक जिवंत पिल्ले देते, आणि बक्षीस डोक्यावर असेल तर बोटभर पिल्लूही मोजले जाते. तेव्हा हा आकडा जितका फुरशांचा तितकाच बक्षिसाचा आहे. पण अर्धा खोटा धरला तरी एक गोष्ट उरते. सहा वर्षे लाखालाखाने मारून फुरसे संपले नाही, दंशही संपले नाहीत. मारण्याच्या उपायाला कोकणाने पुरेशी संधी दिली होती. तो उपाय हरला. औषध शोधण्याशिवाय दुसरी वाट नव्हती.

औषधाची वाट १८९४ मध्ये फ्रान्समध्ये उघडली. फिझालिक्स आणि बर्ट्रांड यांनी, आणि स्वतंत्रपणे अल्बेर काल्मेत यांनी, विष टोचलेल्या प्राण्याचे सीरम विषापासून वाचवते हे दाखवले. काल्मेत सायगावात नागाच्या विषावर काम करून आलेले होते. आपले सीरम सगळ्याच सापांच्या विषावर चालेल अशी त्यांची समजूत होती, आणि ते भारतातही पाठवले गेले. इथे परळच्या प्रयोगशाळेचा, म्हणजे प्लेगसाठी उघडलेल्या त्या इमारतीचा, सर्पविषाशी पहिला महत्त्वाचा संबंध येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले कॅप्टन जॉर्ज लॅम्ब, आणि काही कामात त्यांच्यासोबत विल्यम हॅना, यांनी घोणशीच्या विषाचे प्रयोग केले. नागाच्या विषावर बनवलेले सीरम नागाच्या विषाला थोपवते. घोणशीच्या विषापुढे ते निरुपयोगी ठरते, हे लॅम्ब यांनी दाखवले. कारणही उघड होते: नागाचे विष मज्जातंतूंवर जाते, श्वास थांबवते, घोणशीचे विष रक्तावर जाते. साधारण त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन तिथल्या सापांवरून हेच सांगत होते. संस्थेच्या इतिहासात प्लेगचे पान इतके मोठे आहे की हे पान सहज उलटून जाते; माझ्या मते ते तितकेच महत्त्वाचे आहे. औषधाला गाव असते, हे या देशात प्रयोगाने सिद्ध झाले ते बऱ्याच अंशी परळात.

सिद्ध झाले म्हणून लगेच हाती आले नाही. देशातले पहिले सीरम हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला तयार होऊ लागले, आणि ते नाग आणि घोणस या दोघांच्याच विषावर होते. उत्तर हिंदुस्थानातल्या संस्थेने हे दोन निवडावेत यात काही नवल नाही. पण रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने त्या औषधात घरचा साप नव्हता. सोळा-सतरा वर्षे संस्थेची धुरा वाहिलेले साहिबसिंग सोखी १९३२ मध्ये हाफकिनचे पहिले भारतीय संचालक झाले. संशोधनाबरोबर औषधे इथेच बनवायची, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या काळात, १९४० च्या दशकात, हाफकिनने चार सापांच्या विषावर एकत्र चालणारे सीरम तयार करायला घेतले: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आज ही चौकडी देशभर पाठ आहे, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती प्रश्नपत्रिकेत येते, त्यामुळे ती निसर्गानेच ठरवून दिली असावी असे वाटते. ती माणसांनी निवडली, आणि कुठे बसून निवडली त्याचा ठसा तिच्यावर आहे. मुंबई इलाख्याच्या नकाशावर कोकण आणि दख्खन होते, १९३६ पर्यंत सिंधही होता. या तिन्ही ठिकाणी फुरसे मुबलक. मुंबईतल्या संस्थेला ते डावलणे शक्यच नव्हते. चौथे नाव चौकडीत पक्के होण्यामागे या पश्चिम किनाऱ्याचा हात आहे असे मी मानतो, आणि फुरशासाठी हाफकिनला कोकणाकडेच पाहावे लागे ही गोष्ट त्याला धरूनच आहे. ज्या कातळावरून मेलेली फुरशी कचेरीत मोजून दिली जात, तिथूनच पुढे जिवंत फुरशांचे विष मोलाचे ठरले.

संस्थेत सापांचा विभाग उभा राहिला, आणि त्याला पी. जे. देवरस यांच्यासारखा अभ्यासक मिळाला. संस्थेच्या सर्पशाळेतल्या सापांनी कधी किती विष दिले याच्या त्यांनी ठेवलेल्या नोंदी १९६३ मध्ये छापून आल्या. १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे भारतातल्या सापांवरचे पुस्तक काढले, आणि सर्वसामान्य वाचकाने वाचलेले सापांचे पहिले पुस्तक अनेक घरांत तेच होते. विषाच्या नोंदी हे कंटाळवाणे काम आहे. एक साप, एक तारीख, पेल्यावर ताणलेल्या पडद्यावर दात रोवून घेतलेले दोन-चार थेंब, वाळवल्यावर उरलेले काही मिलिग्रॅम. पण हाच कंटाळवाणा तपशील पुढे कुपीवरच्या आकड्यात उतरतो. भारतीय प्रतिविषाचा एक मिलिलिटर नागाचे आणि घोणशीचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचे आणि फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, हे प्रमाण ठरलेले आहे. दहा मिलिलिटरची एक कुपी म्हणजे घोणशीचे सहा मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असे धरले जाते, म्हणून उपचार आठ-दहा कुप्यांपासून सुरू होतो. ‘इतकी इंजेक्शने कशाला’ असे नातेवाईक विचारतात, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे. लहान मूल असले म्हणून कुप्या कमी होत नाहीत, कारण सापाने मूल पाहून विष कमी सोडलेले नसते.

हे सीरम सुरुवातीला पातळ रूपात होते. पातळ सीरमला थंडावा लागतो, दोन ते आठ अंश सेल्सिअस. आता त्या काळचे वेंगुर्ले डोळ्यांसमोर आणावे. बंदर नामांकित, डचांची वखार सतराव्या शतकातली, अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांचे सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. (त्या मिशनमधल्या एका डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला, हा मुलखाचा अभिमान, विषयाशी संबंध एवढाच की डॉक्टर इथे लवकर पोहोचले होते.) मुंबईशी दळणवळण आगबोटीचे, आणि आगबोट पावसाळ्यात बंद. साप सर्वांत जास्त चावतात ते पावसाळ्यात आणि त्यामागून येणाऱ्या कापणीच्या दिवसांत. म्हणजे औषधाची गरज चढायची तेव्हाच समुद्राची वाट बंद असायची, आणि विजेचा पत्ता नसलेल्या गावात पातळ सीरम ठेवायचे कशात हा प्रश्न उरायचाच. म्हणून प्रतिविष गोठवून-वाळवून त्याची भुकटी करण्याचे तंत्र हाफकिनने आणले, ही मला संस्थेच्या सर्पदंशाच्या कामातली सर्वांत लोकाभिमुख पायरी वाटते. भुकटी बर्फाविना टिकते, एसटीच्या टपावरून येते, आरोग्य केंद्राच्या कपाटात राहते. वापरताना तिच्यात दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून कुपी तळहातांमध्ये हलके फिरवायची असते; घाईत खळखळून हलवली तर फेस येतो आणि नेमक्या त्या क्षणी थांबून बसावे लागते. समोर रक्त थुंकणारा माणूस असताना कुपी हळू फिरवणे सोपे नसते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो कोकणातूनच येतो. फुरशाने माणसे सहसा मरत नाहीत, गावच्या औषधाने बरी होतात, मग परळच्या कुपीचे एवढे कौतुक कशाला? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खोटा नाही. फुरसे लहान, विष मोजके, आणि पुष्कळ दंशांत ते विष सोडतही नाही. अशा दहा जणांना झाडपाला चोळला तर त्यातले बरेच वाचणार, आणि श्रेय पाल्याला जाणार. भगताच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे काही कारण नाही. त्याचा हिशेबच चुकतो, कारण जे तसेही वाचले असते तेही तो आपल्या खात्यात धरतो. पण आक्षेपाचा दुसरा भाग धोकादायक आहे. नाग किंवा मण्यार काही तासांत निकाल लावतात. फुरसे सवड देते. त्याच्या विषातला एक घटक रक्तातली गोठण्याची यंत्रणा विनाकारण चालू करतो. बारीक-बारीक गुठळ्या होत राहतात आणि गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन संपून जाते. मग रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून येते, जुन्या खरचटलेल्या जागेतून येते, लघवीतून येते, आणि कधी दोन-तीन दिवसांनी मेंदूत येते. पहिल्या दिवशी पाय सुजलेला पण माणूस चालता-बोलता, म्हणून घरी ठेवला जातो. तो ‘बरा झाला’ हे घरच्यांना पहिल्याच संध्याकाळी वाटलेले असते. (विषाची आणखी एक बाजू आहे: याच फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या अभ्यासातून हृदयविकारात वापरले जाणारे टायरोफिबान हे औषध निघाले. गुठळी रोखण्याची हातोटी कातळावरच्या या प्राण्याकडून माणसाने उचलली.)

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूचा. घोड्याचे प्रथिन माणसाच्या अंगात जाते, त्याने अंगावर पित्त उठते, कधी रक्तदाब कोसळतो. लहान दवाखान्यात हे औषध देण्यापेक्षा पुढे पाठवणे बरे नाही का? भीती खरी आहे, आणि हाफकिन हे नाव घेताना तर तिला हसून चालणारच नाही. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी प्लेगच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांची नोकरी गेली, आणि दोष परळच्या बाटलीत नव्हता, ती गावात उघडताना घडला होता, हे मान्य व्हायला वर्षे गेली. त्यातून निघणारा धडा सर्पदंशालाही लागू पडतो: कारखान्याचे काम कितीही चोख असले तरी औषधाचे खरे-खोटे शेवटच्या हातात ठरते. प्रतिविषाची प्रतिक्रिया आली तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन ती आवरते, आणि ते सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे असते. वेंगुर्ल्याहून ओरोसच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता आज काही तासांचा नाही, पण मण्यारीच्या रुग्णाला तोही लांब पडू शकतो, आणि फुरशाच्या रुग्णात तेवढा वेळ रक्त गोठण्याविना वाहत राहते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर, मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी तालुक्याच्या गावात बसून वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण हाताळले आणि ते अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. मोठ्या शहराबाहेर हे औषध नीट देता येते, याला त्याहून मोठा पुरावा नको.

तिसरा आक्षेप माझ्या मूळ म्हणण्यावरच घाव घालतो, म्हणून त्याला जास्त जागा दिली पाहिजे. औषधाला गाव असते म्हणता, तर मग चार सापांचे एकच औषध देशभर वाटणे हीच चूक नाही का? कोकणाला फक्त फुरशाचे द्या. कागदावर हे पटते. एका विशिष्ट विषावरचे औषध कमी लागते, कारण चौघांच्या औषधात प्रत्येकाला उपयोगी पडणारा भाग थोडाच असतो, आणि घोड्याचे नको असलेले प्रथिन अंगात कमी जाते. पण दंश रात्री झालेला असतो, साप दिसलेला नसतो, दिसला तर मारून जाळलेला असतो. मण्यारीचा दंश तर इतका बारीक की झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो. अशा वेळी चुकीची कुपी म्हणजे औषध नसल्यासारखेच. म्हणून चौघांची एकत्र कुपी हा शहाणपणाचा निर्णय होता, आणि अजूनही आहे. मात्र एकत्र म्हणजे सार्वत्रिक नव्हे. चार जाती एका कुपीत घालता येतात; पण प्रत्येक जातीचा नमुना कोणत्या मुलखातला घेतला हा प्रश्न तरीही उरतोच. वेंगुर्ल्यातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. इथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जातींना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी गावाचीच नावे दिली, कारण कलम कुठल्या मातीत वाढले यावर त्याचे वागणे ठरते हे बागायतदाराला ठाऊक असते. सापाचे विषही मुलखागणिक बदलते.

आणि नेमके इथेच संस्थेचे मुलखाशी नाते सैल झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांचा बेबंद व्यापार थांबला, आणि ते होणे गरजेचे होते. सापाच्या कातड्यावर जगणाऱ्या तमिळनाडूतल्या इरुळा लोकांनी १९७८ मध्ये महाबलीपुरमजवळ सहकारी संस्था काढली, साप पकडून विष घ्यायचे आणि साप पुन्हा सोडायचा अशी पद्धत बसवली. पुढे देशातल्या बहुतेक उत्पादकांच्या घोड्यांना टोचले जाणारे विष मुख्यतः तिथूनच येऊ लागले. त्या संस्थेचे काम उत्तम आहे, आणि एकाच ठिकाणचे, नोंद ठेवलेले, स्वच्छ वाळवलेले विष मिळाल्याने औषधाचा दर्जा एकसारखा राहिला, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. पण दर्जाचा सारखेपणा आणि उपयोगाचा सारखेपणा या दोन गोष्टी वेगळ्या. त्या विषाने शिकलेला घोडा तमिळनाडूच्या फुरशाविरुद्ध तयार असतो. तो राजस्थानातल्या, किंवा आपल्या सड्यावरच्या फुरशाविरुद्ध किती तयार आहे, हे तपासूनच कळते. २०१९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने चौकडीबाहेरच्या आणि दुर्लक्षित सापांच्या विषावर बाजारातली प्रतिविषे किती तोकडी पडतात हे प्रसिद्ध केले. त्याआधी २००७ मध्ये केरळातून, नाकाचा शेंडा वर उचललेल्या एका लहान चापड्याच्या दंशावर भारतीय प्रतिविष चालत नाही हे समोर आले होते. सह्याद्रीच्या ओल्या उतारावर चापडे राहतातच. आंबोलीच्या बाजूचा माणूस वेंगुर्ल्याच्या बाजारात येतो तेव्हा सीमा फक्त नकाशावर असते. लॅम्ब यांनी परळात दाखवलेली गोष्ट शंभर वर्षांनी नव्या साधनांनी पुन्हा दाखवावी लागली.

याच काळात संस्थेच्याही दोन वाटा झाल्या. १९७५ मध्ये उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ वेगळे झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचण्या संस्थेकडे राहिल्या. कारभाराच्या दृष्टीने त्याला कारणे होती, आणि महामंडळाने पुढे पोलिओचे डोस आणि प्रतिविष मोठ्या प्रमाणात पुरवले हे विसरता येणार नाही. पिंपरीच्या तबेल्यातले घोडे त्याच कामाचे. तरी सोखी आणि देवरस यांच्या काळात विषाची नोंद करणारा, घोड्याला टोचणारा आणि कुपी भरणारा हे एकाच कुंपणात होते. गावातून आलेला प्रश्न एका दालनातून दुसऱ्या दालनात जायचा. दोन कचेऱ्यांमधून तो जायला वेळ लागतो. या फाटणीचा तोटा टनाने मोजता येणार नाही, पण मुलखागणिक विष तपासत राहण्याची जी सवय संस्थेला लागली होती ती फाटणीच्या कडेला विरली, असे मला वाटते.

आता काळ पुन्हा त्या सवयीकडे वळतो आहे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. आणि ती बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश नोंदवणे बंधनकारक करा असे राज्यांना कळवले. नोंद सक्तीची झाली तर सिंधुदुर्गातल्या दंशांचा साप, जागा, महिना आणि लागलेल्या कुप्या एका वहीत येतील. विडालच्या आकड्यांनंतर या किनाऱ्यावर फुरशाची एवढी व्यवस्थित मोजणी झाली तर ती प्रथमच, आणि या वेळी मारलेल्या सापांची नाही, वाचलेल्या माणसांची. त्या वहीशिवाय परळला, किंवा कुठल्याही उत्पादकाला, कोकणचे विष वेगळे तपासायचे की नाही हे ठरवता येणार नाही.

तोवर निर्णय एका काचेच्या नळीत होतो. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, साध्या काचेच्या नळीत घेतात. प्लास्टिक चालत नाही, साबणाने धुतलेली काचही चालत नाही, कारण दोन्हींत निरोगी रक्तही नीट गोठत नाही. नळी उभी ठेवतात, हात लावत नाहीत, घड्याळाकडे पाहतात. वीस मिनिटांनी एकदाच ती आडवी करतात. रक्त जागेवर चिकटून राहिले तर थांबायचे, काठापर्यंत वाहत आले तर कुप्या फोडायच्या. प्रतिविष रक्तातले विष धरून ठेवते, संपलेले फायब्रिनोजेन मात्र यकृतालाच नव्याने बनवावे लागते, आणि त्याला सुमारे सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी, बहुधा रात्री उशिरा, कोणीतरी पुन्हा तशीच एक नळी मागवतो.